कुलूप लावल्यावर इमारत किती वीज खाते? (सार्वजनिक इमारतींतली वीजबचत, पुणे)

मीटरवही | ६ एप्रिल, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. विषय थोडा रुक्ष वाटेल, पण गेले तीन आठवडे डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे मांडतो.

आमच्या घराजवळ एक सार्वजनिक अभ्यासिका आहे. तळमजल्यावर वाचनालय, वर अभ्यासाच्या मेजांचे दोन मजले आणि एक छोटी संगणक खोली. स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळी सातला दार उघडायच्या आधीच पायऱ्यांवर येऊन बसतात आणि रात्री नऊला पहारेकरी मामा उठवतात तेव्हाच उठतात. मी आठवड्यातून तीन संध्याकाळी तिथे पुस्तकं लावायला जातो. असंच एकदा कपाट आवरताना वीजबिलांचा गठ्ठा हाती लागला. दिवाळीत आठवडाभर अभ्यासिका बंद होती, तरी त्या महिन्याचे युनिट म्हणावे तसे उतरलेले नव्हते. हे काही मनाला पटेना.

म्हणून एक साधं काम केलं. रात्री नऊला कुलूप लागताना मीटरचा आकडा लिहिला आणि सकाळी सातला, दार उघडायच्या आधी, परत लिहिला. फरक ३१ युनिट. दुसऱ्या रात्री ३०, तिसऱ्या रात्री ३२.

दहा तासांत ३१ म्हणजे तासाला तीन युनिटच्या वर. आत माणूस नाही, दिवे घालवलेले, दाराला कुलूप, आणि तीन किलोवॅटचा भार रात्रभर चालू! वर्षाचे झाले अकरा हजारांवर युनिट. महिन्याला शंभर युनिटांत भागवणारी नऊ घरं त्यात वर्षभर चालतील.

सार्वजनिक इमारतींत वीजबचत म्हटलं की लगेच गच्चीवरची सौर पॅनेल आणि सेन्सर यांवर बोलणं सुरू होतं. ती हवीतच. पण माझं ठाम मत असं झालंय की पहिला प्रश्न वेगळा आहे: इमारत रिकामी असताना किती वीज घेते, हे तिथल्या एका तरी माणसाला माहीत आहे का? हा आकडा कुणी बघत नाही, कारण बघणं हे कुणाचं कामच नाही. शाळा, दवाखाने, कार्यालयं, नाट्यगृहं अशा ठिकाणी तुमचा काय अनुभव आहे? आणि रात्रीचा हा भार शोधायचा कसा? मी विजेतला माणूस नाही.

—

जुना_पाना | ६ एप्रिल, रात्री ११.०२

मी आहे विजेतला. चौतीस वर्षं वायरमन म्हणून सरकारी इमारतींतच काम केलं, आता निवृत्त.

तुम्ही अर्धं काम करून ठेवलंय. पुढचं सांगतो. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो बघा. त्याच्या शेजारी एका युनिटला किती लुकलुक होतात तो आकडा छापलेला असतो. समजा १६०० असेल, तर तीन किलोवॅट भाराला मिनिटाला ८० वेळा लुकलुकेल. रात्री कुलूप लागल्यावर एकाने मीटरपाशी मोबाइलवर मिनिट लावून मोजत बसायचं आणि दुसऱ्याने डीबीतली, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या पेटीतली, एकेक एमसीबी (त्यातली खटक्याची कळ) पाडायची. कुठली पाडल्यावर लुकलुक एकदम मंदावली, तिथे चोर.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. आणि डीबी परवानाधारक वायरमनकडूनच हाताळून घ्यायची. हौशी हाताने मुळीच नाही.

डीबी उघडाल तेव्हा आणखी एक दिसेल. कुठली एमसीबी कशाची, हे कुठेही लिहिलेलं नसेल. मी शेकड्याने डीबी उघडल्यात, धड नावं लिहिलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यामुळे बिचारा शिपाई काय करतो? नसती कटकट नको म्हणून काहीच पाडत नाही, सगळं चालू ठेवून घरी जातो. पक्क्या शाईचा मार्कर घ्या आणि पहिल्याच रात्री नावं लिहून काढा.

—

मीटरवही | ९ एप्रिल, सकाळी ८.४०

काका, तुम्ही म्हणालात तसंच केलं. ओळखीचे एक परवानाधारक वायरमन आले, पहारेकरी मामा बॅटरी घेऊन जिन्याखालच्या मीटरच्या पेटीसमोर बसले. आमच्या मीटरवर १६०० च लिहिलंय. मामा मोठ्याने मोजत होते आणि आम्ही वरून एकेक एमसीबी पाडत होतो. साडेअकरा वाजले, पण सगळं सापडलं.

बाहेरच्या भिंतीवर दोन जुने मेटल हॅलाइडचे झोतदिवे, ४०० वॅटचे. चोकसकट ९०० वॅटच्या आसपास. पाण्याचे दोन कूलर, ते मधूनमधून चालू-बंद होतात, सरासरी ८००. स्वच्छतागृहांतले चार एक्झॉस्ट पंखे २४०. कॅमेरे, यूपीएस, इंटरनेटचं खोकं मिळून ३००.

आणि संगणक खोलीतला एसी. साधारण ९००. या खोलीत पूर्वी सर्व्हर होता म्हणे. दारावर पाटी आहे, ‘एसी बंद करू नये’. सर्व्हर केव्हाचाच हलवलाय. पाटी तशीच राहिली आणि एसीसुद्धा. वर्षानुवर्षं एका रिकाम्या खोलीतली चार मेजं रात्रभर गार होत होती.

मामांना मी विचारलं, तुम्हाला कधी खटकलं नाही का? ते म्हणाले, ‘साहेब, पाटी वाचून मी उलट रोज तपासायचो, एसी चालू आहे ना म्हणून.’ माणूस आपलं काम चोख करत होता. काम चुकीचं सांगितलं गेलं होतं.

—

हिशेब_तपासनीस | ९ एप्रिल, दुपारी १२.२०

धागा आवडला. मी लेखा विभागात नोकरी केली आहे, त्यामुळे बिलाच्या बाजूने लिहितो.

आधी एक सावधगिरी. मोठ्या इमारतींत मीटर सीटीवर (प्रवाह ठरावीक पटीने कमी करून मीटरला देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) असतो आणि त्यावर गुणक, म्हणजे एमएफ, दिलेला असतो. एमएफ १० असेल तर मीटरवरचा फरक ३ दिसला तरी प्रत्यक्ष वापर ३० युनिट. हे न बघता आकडे काढले तर सगळाच हिशेब दहापटीने चुकतो.

दुसरं, मोठ्या जोडणीचं बिल युनिटवर संपत नाही. करारातली मागणी (एका वेळी जास्तीत जास्त किती भार घेऊ ते) आणि प्रत्यक्षात नोंदलेली कमाल मागणी हे दोन रकाने बघा. कुणीतरी कधीकाळी वाढीव करार करून ठेवलेला असतो आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही मागणी लागत नाही. तरी कराराच्या ठरावीक हिश्श्यावर स्थिर आकार द्यावाच लागतो. बारा महिन्यांची बिलं शेजारी शेजारी ठेवून करार कमी करायचा अर्ज दिला, तर एक दिवाही न बदलता पैसे वाचतात. उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे केव्हीएएच वर बिल येतं (प्रत्यक्ष कामी आलेले युनिट म्हणजे केडब्ल्यूएच, त्यात मोटरी-चोकांनी नुसती खेळवलेली वीजही धरली की केव्हीएएच). म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला कामी येणारा हिस्सा) खालावला की त्याची किंमत थेट युनिटांतच मोजावी लागते. पॉवर फॅक्टर सुधारणारं कपॅसिटर पॅनेल बंद पडलेलं असेल तर ते कळायला बिलातले केडब्ल्यूएच आणि केव्हीएएच हे दोन आकडे पुरतात. दोन्ही जवळजवळ सारखे असले पाहिजेत.

आता दुखणं. सार्वजनिक इमारतीत वीज वापरणारा एक, बिल भरणारा दुसरा आणि दुरुस्ती करणारा तिसरा. कार्यालयप्रमुखाला बिल दिसतसुद्धा नाही, ते परस्पर मुख्यालयात भरलं जातं. त्याने काटकसर करून लाखभर वाचवले तर ते त्याच्या हाती येत नाहीत, उलट पुढच्या वर्षी वीजखर्चाची तरतूद तेवढ्याने घटते. पंखे बदलायचे तर पैसे दुरुस्तीच्या लेखाशीर्षातून, बचत मात्र वीजबिलाच्या लेखाशीर्षात. कागदोपत्री या दोघांची गाठ पडतच नाही. मी वीस वर्षं हे पाहत आलो आणि याची फार चुटपुट लागून राहिली आहे.

—

सौर_कट्टा | ९ एप्रिल, दुपारी ३.४५

एवढं सगळं करण्यापेक्षा गच्चीवर पॅनेल टाका ना. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, पुण्यात दिवसाला चार युनिटच्या आसपास मिळतात. नेट मीटरिंग आहे, म्हणजे जास्तीची बनलेली वीज बिलातून वळती होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत सरकारी इमारतींच्या छपरांवरही भर आहे. दहा किलोवॅट बसवलं की दिवसाला चाळीस युनिट. तुमचे रात्रीचे ३१ त्यातच वळते होतील.

—

मीटरवही | ९ एप्रिल, रात्री ९.३०

@सौर_कट्टा, पॅनेलला विरोध अजिबात नाही. पण तुमच्याच आकड्यांनी बघा. ३१ युनिटांसाठी जवळजवळ आठ किलोवॅटची पॅनेल लागतील. म्हणजे आठशे चौरस फूट गच्ची आणि काही लाख रुपये कशासाठी? रिकाम्या खोलीतल्या एसीसाठी आणि रात्री कुणीच न पिणाऱ्या गार पाण्यासाठी. एसी बंद करायला शून्य रुपये लागले. मी पाटी काढली, बस्स.

दिल्लीतल्या इंदिरा पर्यावरण भवनाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. २०१४ मध्ये उद्घाटन झालं, वर ९३० किलोवॅटची पॅनेल आहेत आणि वर्षभराची गरज तिथेच भागावी अशी रचना आहे. पण त्यांनी आधी इमारतीची दिशा, सावली, उजेड, वातानुकूलन यांवर काम करून गरज खाली आणली. मगच गच्ची पुरली.

—

सौर_कट्टा | ९ एप्रिल, रात्री १०.१०

मुद्दा मान्य. आधी गळती बुजवा, मग टाकी भरा. फक्त हे ‘आधी’ पाच वर्षं लांबू नये एवढंच. माझ्या ओळखीच्या एका संस्थेत विजेचं लेखापरीक्षण होऊन अहवाल तयार आहे, तो फायलीत पडून आहे आणि गच्चीही रिकामीच.

—

शाळेतली_बाई | १० एप्रिल, सायंकाळी ६.०५

मी एका मराठी शाळेत शिकवते. धागा वाचताना मनात एक भीती आली ती सांगते. वीजबचत म्हटलं की आमच्याकडे पहिला आदेश येतो, ‘वर्गातले दिवे दुपारी बंद ठेवा’. आणि आमचे वर्ग मुळातच अंधारे आहेत. मी मोबाइलवरच्या ॲपने मोजलं, शेवटच्या बाकावर ९० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप). ॲप थोडंफार इकडेतिकडे होईल, पण वर्गात ३०० च्या आसपास असायला हवं असं मी वाचलंय. मागच्या बाकावरची एक मुलगी वही नाकाला लावून लिहिते. तिला चष्मा लागला असेल म्हणून पालकांना बोलावलं. डोळे तपासले, ते स्वच्छ होते. पुढच्या बाकावर बसवली तर सरळ बसून लिहायला लागली.

त्यामुळे हात जोडून सांगते, बचतीच्या नावाखाली मुलांचा उजेड आणि वारा काढून घेऊ नका.

—

जुना_पाना | १० एप्रिल, सायंकाळी ७.३०

बाई, तुमचं शंभर टक्के बरोबर. आणि तुमच्या वर्गात उजेड वाढवूनसुद्धा युनिट कमी होतील, हे मी लिहून देतो.

जुनी चाळीस वॅटची नळी आणि तिचा तांब्याचा चोक, दोन्ही मिळून ५२-५५ वॅट खातात. नळीची टोकं काळी पडली की उजेड निम्मा, पण वीज तेवढीच. वीस वॅटची चांगली एलईडी पट्टी तिच्याहून जास्त उजेड देते. भिंतींना नुसता पांढरा हात मारला आणि वरच्या झडपांची धूळ पुसली तरी शेवटच्या बाकावर फरक पडतो.

पण खरी गोम वायरिंगमध्ये असते. बहुतेक वर्गांत एक बटण दाबलं की खिडकीजवळचा आणि आतल्या भिंतीजवळचा दिवा एकदम लागतो. खिडकीपाशी दुपारी उजेड भरपूर, आत अंधार. म्हणजे आतल्या बाकांसाठी बाहेरचेही दिवे जाळायचे, नाहीतर सगळेच घालवायचे. दिव्यांच्या रांगा खिडकीला समांतर करून एका रांगेला एक बटण द्या. नव्याने वायरिंग होणार असेल तेव्हा हे सांगायला विसरू नका, नंतर भिंती फोडाव्या लागतात.

पंख्यांचंही तसंच. भिंतीवर तो जाडजूड जुना रेग्युलेटर असेल तर हात लावून बघा, गरम लागेल. पंखा हळू फिरवला तरी उरलेली वीज तिथे उष्णता होऊन जाते. जुना पंखा ७५ वॅटचा, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा ३० वॅटच्या आसपास. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना तारांकन (वीजबचतीचे तारे) सक्तीचं झालंय, ते बघून घ्या.

—

मीटरवही | ११ एप्रिल, सकाळी ७.५०

काकांच्या आकड्यांवर हिशेब मांडून बघितला. एका पंख्यामागे ४५ वॅट वाचतात. आमच्या अभ्यासिकेत पंखे दिवसाला बारा तास, वर्षाचे साधारण ३३० दिवस चालतात. म्हणजे पंख्यामागे वर्षाला १७८ युनिट. दहा रुपये युनिट धरलं आणि पंखा तीन हजारांचा धरला, तर दोन वर्षांच्या आत पैसे वसूल. बाईंच्या शाळेत दिवसाला सहा तास, २२० दिवस धरले तर ५९ युनिट. तिथे पाच वर्षं लागतील.

पंखा तोच, पण जागेप्रमाणे परतफेड किती बदलते! सरसकट सगळीकडे बदलण्याइतके पैसे नसतील तर जिथे तास जास्त तिथे आधी बदलावेत. शाळेत दिवे आधी, पंखे मोडतील तसे.

—

गच्चीवरून | १२ एप्रिल, दुपारी १.१५

मी वास्तुरचनाकार आहे. सगळं बोलणं उपकरणांवर चाललंय, इमारतीच्या अंगावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

मीटरवही, एक करा. अभ्यासिकेच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर रात्री आठला मेजावर उभं राहून छताला तळवा टेकवा. बाहेर वारा गार सुटलेला असेल आणि स्लॅब मात्र अंगात ताप असल्यासारखा लागेल. दिवसभर उन्हात तापलेलं काँक्रीट संध्याकाळपासून ती उष्णता खाली सोडत राहतं. वरच्या मजल्यावरचे पंखे रात्री तीच गरम हवा फिरवतात. मग कुणीतरी एसीची मागणी करतं.

पुण्याला यावर जुना उपाय ठाऊक आहे. ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) करून वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक. आपल्या आधीच्या पिढीने ते गळतीसाठी केलं, पण पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो हा त्याचा तेवढाच मोठा गुण. त्याचे पैसे नसतील तर चुन्यात थोडा फेविकॉल घालून दोन हात मारा. मात्र पुण्याच्या पावसात चुना टिकत नाही, शेवाळ धरून गच्ची काळी पडते. काळी गच्ची म्हणजे सगळं मुसळ केरात. दिवाळीनंतर घासून घ्यायची आणि फेब्रुवारीत पुन्हा हात मारायचा, हा दरवर्षीचा नेम करावा लागतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला आणि पुढे पांढऱ्या छपरांचं काम हाती घेतलं, तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरण केलं. आपल्याकडे कारागीर आहेत, सवय आहे, फक्त ते वीजबचतीच्या यादीत कुणी धरत नाही.

दुसरी गोष्ट पश्चिमेची. ऊन काचेतून एकदा आत आलं की पडदा लावून उपयोग थोडाच, उष्णता आत आलेली असते. अडवायचं ते काचेच्या बाहेर. छज्जा, जाळी, बांबूची चीक, किंवा सरळ एक झाड. जुन्या इमारती बघा. १८८६ साली सुरू झालेली आपली मंडई विजेच्या आधीच्या काळातली. उंच छप्पर, चारी बाजूंनी मोकळे मार्ग, तापलेली हवा वर जाते. वाड्यांच्या चौकांचंही तेच. आणि आता नवी सार्वजनिक इमारत म्हटली की दर्शनी भाग अखंड काचेचा, उघडणारी खिडकी नाहीच, मग एप्रिलच काय, डिसेंबरातही एसी. पुण्याच्या डिसेंबरात! याचा मला मनापासून राग येतो.

एप्रिलमध्येसुद्धा आपल्याकडे दुपारच्या मानाने पहाट बरीच गार असते. पहाटे पाच ते आठ खिडक्या सताड उघडून भिंती गार करून घेतल्या आणि दहाला पश्चिमेकडच्या बंद केल्या, तर दुपार सुसह्य जाते. आपल्या आज्या घरात हेच करायच्या.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. इमारतींतल्या ऊर्जाबचतीची नियमावली, ईसीबीसी संहिता, २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली. साधारण १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभार (जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा मिळून भार) असलेल्या नव्या इमारती तिच्यात येतात. तुमची तीन मजली अभ्यासिका, बाईंची शाळा, वॉर्डातला दवाखाना त्यात बसत नाहीत, आणि आपला रोजचा संबंध तर त्यांच्याशीच येतो.

—

रुग्णसेवा | १२ एप्रिल, रात्री ९.५५

रुग्णालयांसाठी एक विनंती. तिथे शस्त्रक्रियागृहाच्या हवेला हात लावू नका, ती ठरावीक प्रमाणात बदलत राहावीच लागते, तो रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे. बचत आहे ती गरम पाण्यात. मी जिथे काम करत होते तिथे गच्चीवर सौर बंब होता, पण एक जोड गळत होता म्हणून व्हॉल्व्ह बंद करून ठेवलेला. खाली वॉर्डात गीझर चोवीस तास चालू. किती रुपयांचा जोड? शंभर-दीडशे. तो बदलला जायला आठ महिने लागले. नुकत्याच बाळंत झालेल्या बाया गरम पाण्यासाठी रांगेत उभ्या राहायच्या ते अजून डोळ्यांसमोर आहे.

—

पेठेतला | १३ एप्रिल, सकाळी ११.३०

सगळं छान आहे, पण वर्षभराने काय? आमच्या इथल्या एका कार्यालयात जिन्यात सेन्सरचे दिवे बसवले होते. सहा महिन्यांत दोन बिघडले, कंत्राटाची मुदत संपली, मग तारा थेट जोडून टाकल्या. आता चोवीस तास चालू. आधी निदान बटण तरी होतं. तुम्ही जाणं बंद केलंत की अभ्यासिकेतही पाटी परत लागेल.

—

मीटरवही | १३ एप्रिल, रात्री १०.२०

@पेठेतला, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि मी त्याच्यावर बराच विचार केला.

आम्ही एक शंभर पानी वही आणली. रेघा मारून चार रकाने केले: तारीख, रात्री नऊचा आकडा, सकाळी सातचा आकडा, फरक. ती मीटरच्या पेटीला दोरीने बांधलीय. लिहितात मामा. पहिले दोन दिवस अडचण आली, कारण मीटरच्या पडद्यावर तारीख, वेळ, केडब्ल्यूएच, कमाल मागणी असं एकामागून एक फिरत राहतं आणि त्यांनी एकदा वेळच उतरवून ठेवली. मग केडब्ल्यूएचची इंग्रजी अक्षरं मीटरवर दिसतात तशी वहीच्या पुठ्ठ्यावर मोठी काढून दिली. आता चुकत नाही.

परवा सकाळी मी पोचायच्या आधीच मामांचा फोन. ‘साहेब, आज अठरा आलेत. काल अकरा होते. काहीतरी राहिलंय.’ स्वतःच शोधलं त्यांनी, दुसऱ्या मजल्यावरच्या चार्जिंगच्या पट्टीला कुणीतरी विजेची शेगडी लावून ती चालू ठेवून गेलं होतं. रात्रभर! आग लागली असती.

सेन्सर बिघडला तर तो सांगत नाही. वहीत लिहिणारा माणूस सांगतो.

—

हिशेब_तपासनीस | १४ एप्रिल, सकाळी ९.१०

हे फार मोलाचं आहे. पाच दिवसांचा आठवडा आपल्या राज्य शासकीय कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून आहे. म्हणजे कार्यालयांना ही कसोटी आयतीच मिळते. शुक्रवारी संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी आकडा घ्या. शनिवार-रविवारचे युनिट मंगळवार-बुधवारच्या जवळपास आले तर काय चाललंय ते वेगळं सांगायला नको.

आणि नागरिक म्हणून कुणाला आपल्या भागातल्या इमारतीची बिलं हवी असतील तर माहिती अधिकारात, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, मागील बारा महिन्यांच्या वीजबिलांच्या प्रती मागा. ‘वीजबचतीसाठी काय केले’ असा मोघम प्रश्न विचारू नका, मोघमच उत्तर येतं. ग्राहक क्रमांक, करारातली मागणी, दरमहा युनिट, एवढंच मागा.

निविदेबद्दल एक राहिलं. ‘पंखा, १२०० मिमी, नग ४०’ एवढंच लिहिलं की सगळ्यात स्वस्त पंखा येतो आणि तो दहा वर्षं ७५ वॅट खातो. निविदेतच कमाल वॅट, हवेचा किमान प्रवाह आणि किमान तारे लिहा. मग सगळ्यात कमी दराचा नियम पाळूनही चांगला माल येतो. नियम आड येत नाही, आपण अर्धवट लिहितो.

—

गच्चीवरून | १४ एप्रिल, दुपारी ४.००

ज्यांना रीतसर ऊर्जा लेखापरीक्षण करून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी: महाऊर्जाचं मुख्यालय पुण्यातच आहे, औंध रस्त्यावर. ऊर्जा संवर्धन कायद्याखाली राज्यासाठी नेमलेली संस्था तीच. त्यांच्याकडे लेखापरीक्षकांची यादी मिळते. लेखापरीक्षक आला की त्याला ही शंभर पानी वही आधी दाखवा.

—

मीटरवही | १९ मे, रात्री ९.४५

महिनाभराने येतोय, उशिराबद्दल क्षमस्व.

झोतदिवे बदलून शंभर वॅटचे दोन एलईडी बसले, उजेड मावळल्यावर आपोआप लागणारे. एक्झॉस्ट पंखे आता स्वच्छतागृहाच्या दिव्याच्या बटणावर आहेत. कूलरना टायमर लावला, रात्री नऊ ते सकाळी सहा बंद. पहिल्या आठवड्यात पोरांची तक्रार आली की सातला पाणी कोमट येतं, तक्रार रास्त होती. वेळ मागे घेऊन पाचला केली, आता बरोबर गार मिळतं. दिवसा संगणक खोलीतला एसी मुलं असतील तेव्हाच, २४ वर. बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) सांगण्याप्रमाणे एका अंशाला साधारण सहा टक्के फरक पडतो, आणि २०२० पासूनचे तारांकित एसी सुरू करताना २४ वरच येतात. आमचा त्याआधीचा आहे, तो १८ वर असायचा आणि मुली शाल पांघरून बसायच्या.

वहीतले शेवटचे चार आकडे: ७, ७, ८, ७. कॅमेरे, बाहेरचे दिवे आणि पहाटेचे कूलर, बाकी काही नाही.

वरच्या मजल्याच्या छताला हात लावून बघितला, ताई. तुम्ही म्हणालात तसंच. गच्ची पांढरी करायचं पत्र दिलंय. उत्तर आलेलं नाही. पावसाआधी होत नाही हे उघड आहे, दिवाळीनंतर पुन्हा मागे लागेन.

—

शाळेतली_बाई | २२ जून, सायंकाळी ५.२०

शाळा सुरू झाली. सातवीच्या मुलांना युनिट शिकवायचं होतं, तर फळ्यावर न शिकवता वर्गाला घेऊन मीटरपाशी गेले. लाल दिव्याची लुकलुक मोजली, एका युनिटला किती हे मीटरवर वाचलं, गुणाकार-भागाकार मुलांनीच केला. शनिवारी शाळा सुटताना, दुपारी बाराला, दोन मुलांनी आकडा लिहून घेतला. आज सोमवारी सकाळी सातला परत.

फरक ५२. त्रेचाळीस तासांत. शाळेत शिपाईसुद्धा नव्हते.

मुलांनी स्वतःच यादी केली, काय काय चालू असू शकेल याची. पाण्याची मोटर, मुख्याध्यापकांच्या खोलीतला फ्रिज, मुतारीतला दिवा, प्रयोगशाळेतलं काहीतरी. एकजण म्हणाला, ‘बाई, घंटेला पण वीज लागते.’ मुख्याध्यापकांनी येत्या शनिवारी परवानाधारक वायरमनला बोलवायचं कबूल केलंय. @जुना_पाना काका, तुम्हाला जमेल का यायला? मुलांना डीबीवर नावं त्यांच्या हस्ताक्षरात लिहायची आहेत, आणि दिव्यांच्या रांगा कशा असाव्यात ते तुम्ही समजावून सांगाल तर फार बरं होईल.

—

जुना_पाना | २२ जून, सायंकाळी ५.४१

येतो. वायरमनने मेन पाडल्यावरच मुलांना डीबीजवळ येऊ द्यायचं, तोवर लांब उभं करा. मार्कर मी आणतो.